व्यापारी गट सोडताना सरकार कोणाला विचारतं, आणि कधी

प्रश्न असा आहे: "आमचा दक्षिण गोव्यात गोठवलेल्या मासळीच्या निर्यातीचा घरचा धंदा आहे. ब्रिटननं युरोपीय संघ सोडला तेव्हा तिथल्या सरकारनं झळ बसणाऱ्या उद्योगांशी आणि आपल्या अखत्यारीतल्या प्रदेशांशी सल्लामसलत केली, असं वाचलं. ती खरी होती की नावापुरती? आणि भारतानं उद्या एखादा करार केला किंवा मोडला, तर गोव्यासारख्या लहान राज्यातल्या आमच्यासारख्यांना कोण विचारणार?"

मी वास्को-मडगाव पट्ट्यात निर्यातीची कागदपत्रं, आयात शुल्क आणि मूळ देशाचे नियम (माल कोणत्या देशाचा धरायचा हे ठरवणारे) यांचं काम बरीच वर्षं करतोय. गिऱ्हाइकं बहुतेक मासळीवाली, काही वेर्ण्याच्या औषध कारखान्यांतली. ब्रिटनचं बाहेर पडणं बातम्यांत जेवढं दिसलं, त्यापेक्षा जास्त मी ते कंटेनरच्या कागदांत पाहिलं. उत्तर तिथूनच देतोय.

आधी प्रश्न थोडा बदलून घेऊ. "विचारलं का?" याचं उत्तर जवळपास नेहमी "हो" असंच येतं. बैठका होतात, इतिवृत्तं लिहिली जातात, मंत्री कारखान्यांना भेटी देतात. त्यावरून काही कळत नाही. निर्णय पक्का होण्याआधी विचारलं का, आणि सांगितलेलं शेवटच्या मजकुरात कुठे उतरलं का, या दोन गोष्टी तपासाव्या लागतात. इंग्लंडच्या न्यायालयांनी याची कसोटी १९८५ च्या गनिंग खटल्यापासून घालून दिलेली आहे. प्रस्ताव घडत असतानाच विचारा, कारणं पुरेशी सांगा, उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्या आणि आलेल्या उत्तरांचा मनापासून विचार करा. आपल्याकडच्या जनसुनावण्यांना जाणाऱ्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही. २०२१ मध्ये किनारपट्टी व्यवस्थापन आराखड्याच्या सुनावण्यांवेळी गोव्यात लोक ज्या मुद्द्यांवर चिडले होते, ते हेच: बोलायला वेळ किती दिला आणि बोललेलं पुढे गेलं कुठे.

ही कसोटी ब्रिटनला लावून बघा.

सार्वमत झालं २३ जून २०१६ ला. ५१.९ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूनं. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूनं कौल दिला, उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के, जिब्राल्टरमध्ये तर जवळजवळ ९६ टक्के. पण मोजणी एकाच पेटीची होती, प्रदेशवार कौलाला वेगळं वजन नव्हतं. आयल ऑफ मॅन, जर्सी आणि गर्न्सी ही बेटं ब्रिटनच्या मुकुटाखाली आहेत, मालाच्या बाबतीत युरोपीय संघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेत होती, पण त्यांना मतच नव्हतं. म्हणजे झळ बसणार होती आणि मत नव्हतं, असे प्रदेश पहिल्या दिवसापासून होते.

मग सरकारनं यंत्रणा उभी केली. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या सरकारांसाठी एक संयुक्त मंत्रिसमिती नेमली, जिचं लेखी काम होतं वाटाघाटींची एकत्रित भूमिका ठरवण्याचा प्रयत्न करणं. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात ही समिती २०१७ च्या फेब्रुवारीनंतर थेट ऑक्टोबरमध्ये बसली. मधल्या काळात, २९ मार्च २०१७ ला, बाहेर पडण्याची अधिकृत नोटीस ब्रुसेल्सला गेली होती, निवडणूक होऊन गेली होती आणि वाटाघाटी सुरूही झाल्या होत्या. उत्तर आयर्लंडचं तर आणखी कठीण. सीमेचा सगळ्यात अवघड प्रश्न त्यांच्या दाराशी, आणि त्यांचं प्रांतिक सरकार जानेवारी २०१७ पासून जानेवारी २०२० पर्यंत कोसळलेलं. त्या काळात बहुतेक वेळ समितीत त्यांचा मंत्री म्हणून बसायलाच कोणी नव्हतं.

प्रांतांनी हरकत घेतली तर काय, या प्रश्नावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी २०१७ मध्येच आला. न्यायालयानं सांगितलं की संसदेची मंजुरी घ्यावी लागेल, पण प्रांतिक विधिमंडळांना नकाराधिकार नाही. त्यांची संमती घेण्याची प्रथा ही राजकीय प्रथा आहे, न्यायालय ती अमलात आणू शकत नाही. पुढे जानेवारी २०२० मध्ये बाहेर पडण्याच्या कायद्याला तिन्ही विधिमंडळांनी संमती नाकारली. कायदा तरीही झाला.

उद्योगांचं चित्र वेगळं होतं, पण फार बरं नव्हतं. सरकार म्हणत होतं की ५८ क्षेत्रांवरच्या परिणामांचा अभ्यास चालू आहे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये संसदेनं ठराव करून ते अहवाल मागितले. हाती आली ३९ टिपणं, आणि बाहेर पडण्याचं काम पाहणाऱ्या खात्याचे मंत्री डेव्हिड डेव्हिस यांनी डिसेंबरमध्ये संसदीय समितीला सांगितलं की परिणामांचं मोजमाप म्हणावं असं काही केलेलंच नाही. मला यात सरकारच्या अप्रामाणिकपणापेक्षा घाई जास्त दिसते. ज्या उद्योगांना विचारायचं, त्यांना नेमकं काय विचारायचं हेच ठरलेलं नव्हतं. "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं की उद्योगही "अडथळे कमी ठेवा" असं गुळगुळीत उत्तर देतात. त्यातून मसुदा तयार होत नाही.

मोठ्यांचं कसं झालं हेही पाहा. निसान या मोटार कंपनीला सुंदरलँडच्या कारखान्याबाबत ब्रिटिश उद्योगमंत्र्यांनी ऑक्टोबर २०१६ मध्येच आश्वासनाचं पत्र दिलं होतं. ते पत्र जनतेसमोर आलं २०१९ मध्ये. सार्वमतानंतर चार महिन्यांत एका कंपनीला लेखी उत्तर मिळतं, आणि मच्छीमारांच्या संघटनांना चार वर्षं बैठकांची निमंत्रणं मिळतात. दोन्हीला सल्लामसलतच म्हणतात. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. सरकार कोणाचं कधी ऐकतं, याचा अंदाज तुम्हाला यावा म्हणून सांगतोय. निसानकडे कारखाना दुसरीकडे हलवण्याचा पर्याय होता. मच्छीमाराला समुद्र हलवता येत नाही.

सरकारच्या बाजूनंही एक गोष्ट मान्य करायला हवी. वाटाघाटीला बसणारा माणूस आपली शेवटची रेषा जाहीर करू शकत नाही. सगळं उघड विचारलं तर समोरच्यालाही कळतं की तुम्हाला कुठे दुखतंय. ही अडचण खरी आहे. मात्र तिच्यावर तोडगा असतो. विश्वासातल्या लोकांचा छोटा गट, गोपनीय परिशिष्ट, क्षेत्रवार बंद खोलीतल्या बैठका. गुप्ततेचं कारण देऊन विचारायचंच नाही, हे मला पटत नाही.

आता तुमच्या धंद्याच्या जवळचं उदाहरण. दक्षिण अटलांटिकमधली फॉकलंड बेटं. त्यांच्या अर्थव्यवस्थेचा कणा म्हणजे मासेमारी, त्यातही म्हाकूल, म्हणजे आपली माणक्यो. हा माल मुख्यतः स्पेनच्या व्हिगो बंदरातून युरोपात शिरतो. बेटांचं स्वतःचं निवडून आलेलं विधिमंडळ आहे, लंडनमध्ये प्रतिनिधी आहे, आणि ब्रिटनच्या समुद्रापारच्या प्रदेशांसाठी नेमलेल्या संयुक्त मंत्रिपरिषदेत त्यांना जागा होती. त्यांनी आपलं म्हणणं स्पष्ट, आकड्यांसह आणि वेळेत मांडलं: मासळीला युरोपात शुल्कमुक्त प्रवेश टिकवा. लंडननं ऐकलंही. पण २४ डिसेंबर २०२० ला जो करार झाला, त्यात समुद्रापारचे प्रदेश आलेच नाहीत. ब्रिटिश सरकारचं म्हणणं असं की युरोपीय बाजू त्यांना करारात घ्यायला तयार नव्हती. परिणाम असा की १ जानेवारी २०२१ पासून त्यांच्या मासळीवर ६ ते १८ टक्के शुल्क लागलं. म्हाकुलावर ६.

यातून मी काय घेतो? आपल्या सरकारशी झालेली सल्लामसलत उत्तम असू शकते आणि तरी पुरेशी नसते, कारण टेबलाच्या पलीकडे बसलेल्यानं ऐकलेलं नसतं. फॉकलंडच्या मालाचा खरीदार स्पेनमध्ये, प्रक्रिया करणारे कारखाने स्पेनमध्ये, तिथल्या कंपन्यांचे पैसे बेटांच्या जहाजांत गुंतलेले. अशा वेळी पलीकडच्या बाजूचा उद्योग आपल्या सरकारला किती जोरात सांगतो, यावर बरंच अवलंबून असतं. आणि आणखी एक गोष्ट: मूळ कायदेशीर स्थान काय आहे. जर्सी, गर्न्सी आणि आयल ऑफ मॅन मालाच्या बाबतीत आधीपासून सीमाशुल्क व्यवस्थेत होते म्हणून मालाच्या आणि मासेमारीच्या कलमांत त्यांना सामावून घेणं सोपं गेलं. जिब्राल्टर युरोपीय संघात होतं पण सीमाशुल्क व्यवस्थेत नव्हतं, शिवाय स्पेनचा सार्वभौमत्वाचा वाद. त्यांच्याबाबत राजकीय सहमती व्हायला जून २०२५ उजाडलं. या सगळ्यांनाच विचारलं होतं, पण फळ सगळ्यांना सारखं मिळालं नाही.

करारात जागा मिळाली म्हणजे भांडण मिटलं, असंही नाही. मे २०२१ मध्ये जर्सीच्या सेंट हेलियर बंदरासमोर फ्रेंच मच्छीमारांच्या पन्नास-साठ बोटी निषेधाला येऊन थांबल्या आणि ब्रिटननं नौदलाची दोन गस्ती जहाजं पाठवली. वाद कशाचा? परवाने कोणत्या पुराव्यावर द्यायचे. किती दिवस त्या पाण्यात मासे पकडले हे लहान बोटींनी सिद्ध कसं करायचं, हा तपशील मच्छीमारांशी बसून आधी सोडवला गेला नव्हता.

तपशिलाचा मुद्दा मी पुन्हा पुन्हा सांगतोय, कारण मासळीच्या धंद्यात माणूस शुल्कापेक्षा तपशिलानं जास्त मरतो. स्कॉटलंडच्या निर्यातदारांची गोष्ट घ्या. करारात त्यांच्या मासळीवर शुल्क शून्य होतं. तरी जानेवारी २०२१ मध्ये त्यांचा जिवंत आणि ताजा माल रस्त्यात अडकला, कारण आता प्रत्येक खेपेला आरोग्य प्रमाणपत्र, सीमाशुल्काची नोंद आणि पकड प्रमाणपत्र (मासळी कायदेशीरपणे पकडल्याचा दाखला) लागत होतं. एकाच ट्रकमध्ये अनेक लहान निर्यातदारांचा माल असतो. एकाचा कागद चुकला की सगळा ट्रक थांबतो. त्यांनी ट्रक थेट लंडनला पंतप्रधानांच्या कार्यालयापर्यंत नेले. सरकारनं नंतर २३ दशलक्ष पौंडांचा भरपाई निधी काढला. दुसऱ्या दर्जाच्या पाण्यातली जिवंत शिंपली शुद्धीकरण केल्याशिवाय युरोपात पाठवणं तर बंदच झालं.

हे वाचताना मला वाईट वाटत होतं, कारण यातला एकही नियम नवीन नव्हता. बाहेरच्या देशांना युरोपचे हे नियम आधीपासून लागू होतेच. पकड प्रमाणपत्र २०१० पासून आहे, तुम्ही ते एमपीडाकडून, म्हणजे केंद्राच्या सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाकडून, घेताच. कुंकळ्ळीच्या एखाद्या कारखान्यात कागद सांभाळणाऱ्या मुलीला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं की बाहेरचा देश झालात की काय काय लागेल. ब्रिटिश सरकारनं उद्योगाला शुल्काबद्दल विचारलं, मासेमारीच्या हक्कांबद्दल विचारलं. पण बंदरावर कागद करणाऱ्या माणसाला पुरेसं विचारलं नाही. सल्लामसलतीत मालक आणि संघटनेचे अध्यक्ष बोलावले जातात. प्रत्यक्ष अडचण माहीत असते ती एजंटाला, शीतगृहाच्या व्यवस्थापकाला आणि ट्रक चालवणाऱ्याला.

औषधांचं याउलट झालं. युरोपच्या औषध नियामकानं, ज्याचं मुख्यालय पुढे लंडनहून ॲमस्टरडॅमला गेलं, मे २०१७ मध्येच परवानाधारकांना सूचना काढली: ब्रिटन बाहेरचा देश झाला असं धरून तयारी करा, परवाना आणि प्रत्येक बॅचची अंतिम मंजुरी संघातल्या देशात हलवा. ही सल्लामसलत नव्हती, सरळ सूचना होती. पण ती इतकी लवकर आणि इतकी नेमकी होती की वेर्ण्यासारख्या ठिकाणच्या कारखान्यांनाही आयर्लंड किंवा माल्टामध्ये पर्यायी व्यवस्था उभारायला वेळ मिळाला. मला स्वतःला वाटतं, उशिरा झालेल्या मोठ्या सल्लामसलतीपेक्षा लवकर मिळालेली स्पष्ट सूचना उद्योगाच्या जास्त कामी येते. यावर मतभेद असू शकतो.

आपल्याला बसलेली झळही सांगून टाकतो, कारण ती कोणाच्याच यादीत नव्हती. भारतातून गेलेला माल नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात उतरवायचा, तिथल्या शीतगृहात ठेवायचा आणि लागेल तसा इंग्लंडला पाठवायचा, असं करणारे आयातदार होते. २०२१ पासून हा माल युरोपात शिरताना शुल्क भरायचा आणि ब्रिटनमध्ये शिरताना पुन्हा भरायचा. कारण ब्रिटन-युरोप करारातली शून्य शुल्काची सवलत त्यांच्याकडे तयार झालेल्या मालाला आहे. आपला माल मूळ भारताचा. ट्रान्झिटखाली किंवा बॉण्डेड गोदामात, म्हणजे शुल्क न भरता सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीत, ठेवला तर मार्ग निघतो, पण तशी सोय सगळ्या आयातदारांकडे नसते. काहींनी थेट ब्रिटिश बंदरासाठी वेगळे कंटेनर लावले, लहानांनी एक बाजारपेठ सोडून दिली.

असं असलं तरी सगळे प्रदेश हरतात, असा निष्कर्ष काढू नका. ग्रीनलंडचा इतिहास मला नेहमी आठवतो. १९७२ मध्ये डेन्मार्कनं युरोपीय समुदायात जायचं की नाही यावर मत घेतलं, तेव्हा ग्रीनलंडनं मोठ्या बहुमतानं नको म्हटलं होतं. तरी डेन्मार्कबरोबर त्यांना जावं लागलं. १९७९ मध्ये त्यांना स्वशासन मिळालं, १९८२ मध्ये त्यांनी स्वतःचं सार्वमत घेतलं आणि थोड्या बहुमतानं बाहेर पडायचं ठरवलं. १ फेब्रुवारी १९८५ ला ते बाहेर पडले. बाहेर पडतानाही मासळीला शुल्कमुक्त प्रवेश राखला आणि त्याबदल्यात युरोपच्या जहाजांना आपल्या पाण्यात मासेमारीचे हक्क दिले, त्याचे पैसेही घेतले. फरक कुठे पडला? त्यांच्या हातात समोरच्याला हवं असलेलं काहीतरी होतं, आणि ते हातात आहे हे त्यांना वाटाघाटीच्या आधीपासून माहीत होतं.

गोव्याच्या माणसाला प्रदेशाला वेगळं विचारणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला तेव्हा संसदेनं त्यासाठी स्वतंत्र कायदा केला होता आणि कौल निष्पक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळानं आधी राजीनामा दिला होता. निकाल सुमारे ३४ हजार मतांनी विलीनीकरणाच्या विरोधात गेला. त्या निकालाबद्दल मराठी घरांत आजही दोन मतं आहेत, ती इथे काढायची नाहीत. पण विचारण्याची पद्धत म्हणून बघितलं तर प्रश्न स्पष्ट होता, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांनाच विचारलं होतं, आणि आलेलं उत्तर मानलं गेलं. या तिन्ही गोष्टी एकत्र येणं दुर्मीळ आहे. परदेशी व्यापाराच्या बाबतीत तर आपल्या राज्यघटनेत तशी सोयच नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. घटनेच्या सातव्या अनुसूचीत परदेशांशी करार आणि परदेशी व्यापार हे विषय केंद्राच्या यादीत आहेत. अनुच्छेद २५३ नुसार करार अमलात आणण्यासाठी संसद राज्यांच्या विषयांवरही कायदा करू शकते. मत्स्यव्यवसाय राज्याच्या यादीत आहे, पण म्हणून गोव्याचं सरकार एखादा करार अडवू शकत नाही. कराराला संसदेची मंजुरीही लागत नाही, मंत्रिमंडळ पुरतं. मसुदा कायद्यांसाठी २०१४ पासून ३० दिवस जनतेसमोर ठेवण्याचं धोरण आहे. व्यापार करारांचा मसुदा मात्र सही होईपर्यंत सहसा दिसत नाही.

म्हणून इथे दबाव वेगळ्या वाटेनं जातो. २००९ मध्ये आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी मालाचा करार झाला तेव्हा केरळ सरकारनं उघड विरोध केला, मासळी, रबर आणि मसाल्यांच्या भीतीनं तिथे मानवी साखळीही झाली. करार १ जानेवारी २०१० पासून लागू झालाच. दहा वर्षांनी, ४ नोव्हेंबर २०१९ ला, बँकॉकमध्ये भारतानं आरसेपमध्ये, म्हणजे आसियान, चीन, जपान वगैरे देशांच्या मोठ्या व्यापार करारात, जाणार नाही असं सांगितलं. तिथे दुग्धव्यवसायाचा आणि शेतकरी संघटनांचा विरोध अनेक राज्यांतून एकाच वेळी आला होता. शिवाय आरसेपच्या वेळी अजून सही व्हायची होती. आसियानच्या वेळी राज्यात आवाज उठला तोवर भूमिका ठरून गेली होती. (आरसेप हा गट सोडणं नव्हे, दाराशी जाऊन परत फिरणं होतं, प्रश्नात "मोडला" म्हटलंय म्हणून हा फरक लक्षात ठेवा. आधीच लागू असलेल्या करारातून निघणं फार जास्त किचकट आहे.)

मग गोव्यातल्या मध्यम निर्यातदारानं काय करायचं? मी माझ्या गिऱ्हाइकांना जे सांगतो तेच सांगतो.

निवेदन आधी तयार ठेवा, बोलावणं आल्यावर लिहायला बसू नका. वाणिज्य मंत्रालयाकडून एमपीडाला किंवा औषधांच्या बाबतीत फार्मेक्सिल या औषध निर्यात परिषदेला विचारणा येते, तिथून सदस्यांना पत्र येतं, आणि उत्तराला बहुतेकदा फार कमी दिवस मिळतात. तेवढ्यात आकडे गोळा होत नाहीत. दोन पानं पुरतात. तुमचे मुख्य माल सीमाशुल्क वर्गीकरणाच्या आठ अंकी कोडसह. प्रत्येकावर त्या बाजारात आज किती शुल्क आहे आणि तुमचे स्पर्धक, कोळंबीत उदाहरणार्थ व्हिएतनाम आणि इक्वेडोर, किती भरतात. कोणती प्रमाणपत्रं लागतात, ती मिळायला किती वेळ लागतो. माल कोणत्या बंदरातून कुठे जातो. किंमती आणि गिऱ्हाइकांची नावं वेगळ्या गोपनीय पानावर.

मागणीत एकच गोष्ट मागा असं मी म्हणत नाही, पण क्रम लावा. याशिवाय जगता येणार नाही ते पहिलं. "शुल्क कमी करा" हे सगळेच लिहितात. "चाचणीचा अहवाल भारतातल्या मान्य प्रयोगशाळेचा स्वीकारा, बंदरावर पुन्हा नमुने घेऊन कंटेनर अडकवू नका" हे लिहिणारे कमी, आणि वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्याला दुसरं वाक्य उचलून मसुद्यात टाकता येतं. अधिकाऱ्यांशी बोलताना मला हे वारंवार जाणवलंय. त्यांना भावना समजतात, पण त्यांना कलम लिहायचं असतं. तुम्ही कलमाच्या जवळ जाणारं वाक्य दिलंत तर तुमचं काम अर्धं झालं.

एकट्यानं पाठवू नका. गोवा चेंबर ऑफ कॉमर्स १९०८ पासून आहे, म्हणजे पोर्तुगीज काळापासून सरकारशी कागदी व्यवहार करण्याची सवय असलेली संस्था. त्यांच्यामार्फत, एमपीडामार्फत आणि राज्याच्या उद्योग व मत्स्योद्योग खात्यांमार्फत तोच मजकूर जाऊ द्या. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक खासदार; संख्या लहान आहे, म्हणून केरळ, कर्नाटक आणि कोकणातल्या निर्यातदारांबरोबर संयुक्त निवेदन करणं जास्त उपयोगी. रत्नागिरीचा आणि दक्षिण गोव्यातल्या कुटबण जेटीचा माल बहुतेकदा त्याच बाजारात जातो. शब्दांवर एकमत व्हायला वेळ लागतो, तो धरून चला.

आणि पलीकडच्या बाजूला बोला, फॉकलंडचा धडा तोच आहे. ब्रिटननं बाहेर पडल्यावर आपलं शुल्कपत्रक नव्यानं ठरवलं तेव्हा ६ फेब्रुवारी ते ५ मार्च २०२० अशी जेमतेम चार आठवड्यांची जाहीर सल्लामसलत घेतली. भारताबरोबरच्या करारासाठी २५ मे ते ३१ ऑगस्ट २०२१ अशी १४ आठवड्यांची. त्यात तुमच्या ब्रिटिश खरीदारानं भरलेला अर्ज तुमच्या निवेदनाइतकाच मोलाचा, कारण तो तिथल्या मतदारसंघातला व्यापारी असतो. बहुतेक निर्यातदार आपल्या बायरला हे सांगतच नाहीत. युरोपीय संघाशी भारताच्या वाटाघाटी २००७ ला सुरू होऊन २०१३ ला थांबल्या आणि २०२२ ला पुन्हा सुरू झाल्या. इतक्या वर्षांत आपल्या मासळीवर जगणाऱ्या स्पॅनिश आणि इटालियन आयातदारांना आपण एकत्र बोलतं केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

सही झाल्यावरही काम संपत नाही. भारत-ब्रिटन करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. अशा करारात मूळ देशाचे नियम, प्रमाणपत्रांचे नमुने आणि संयुक्त समित्यांचे निर्णय पुढे वर्षानुवर्षं ठरत राहतात. ब्रिटन-युरोप करारातला विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांचा कडक नियम २०२४ च्या जानेवारीत लागू व्हायचा होता. दोन्ही बाजूंच्या गाडी उद्योगानं नेट लावला आणि तो २०२६ च्या अखेरपर्यंत पुढे गेला. उद्योग दोन्ही किनाऱ्यांवरून एकच गोष्ट बोलला म्हणून ते झालं.

थोडक्यात तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ब्रिटनची सल्लामसलत खरी होती, पण बहुतेकांसाठी उशिरा आणि वरवरची. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या मालावर अवलंबून आहे. तुम्ही फक्त "गोठवलेली मासळी" म्हटलंय. माणक्यो, कोळंबी आणि बांगडा या तिघांचं शुल्क, स्पर्धक आणि कागद अगदी वेगळे. तुमचे कोड, माल मुरगावातून जातो की न्हावा शेवातून, आणि खरीदार तो कोणत्या बंदरात उतरवतो एवढं कळवलंत, तर निवेदनात पहिली मागणी कोणती असावी हे नेमकं सांगता येईल.